तेराव्याचा पेढा

रविवारी मिठाईच्या दुकानात लहान मुलांची नुसती झुंबड असते. माझ्या पुढे एक गृहस्थ पाच-सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून उभे होते. दुकानदाराने सवयीने तिच्या हातावर पेढा ठेवला आणि हसून विचारलं, "वाढदिवस वाटतं?"

"नाही. आज हिच्या आईचं तेरावं आहे," ते हळूच म्हणाले. "जिलबी द्या."

दुकानदार जिलबी तोलायला वळला. मागे कुणाचा तरी मुलगा गुलाबजामसाठी रडतच होता.

मला या रीतीचा नेहमी राग येतो. पाहुण्यांनी आग्रह करायचा, घरच्यांनी तो गोड घास कसाबसा गिळायचा, की दुखवटा संपला. मग सगळे सुटल्यासारखे आपापल्या घरी जातात. एवढी घाई असते तरी कुणाला?

"खा ना, बाळा," वडील म्हणाले.

मुलीने मान हलवली. "आजी म्हणाली, आज गोड खाल्लं की संपलं सगळं. मी नाही खाणार."

वडिलांनी तिला कडेवर घेतलं. ते दुकानाबाहेर पडले तेव्हा तिची मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांच्या फटींतून पेढा बाहेर येत होता.