पोटावरची लाट

सरोज सिस्टरांचं नाव आधी लिहिते. त्यांच्यामुळे माझं पोर जिवंत आहे. डॉक्टरचंही नाव मला पाठ आहे. ते योग्य जागी घेईन.

आम्ही विट्याकडचे. नवरा इथे लखनौला चौक बाजारात सोनं गाळतो. मुलगा पाच आठवड्यांचा होता. पाजलं की हातभर लांब उलटी, आणि लगेच पुन्हा भुकेनं रडणं. वृंदावन योजना या वसाहतीतल्या दवाखान्यात तीनदा गेले. डॉक्टरनं मलाच विचारलं.

"कितना ठूँसती हो?"

"जी, भूख से रोता है."

"कहाँ तक पढ़ी हो?"

"सातवीं."

"तभी."

दारातल्या बायका हसल्या. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची अजून किळस येते.

चूक माझीही. गावंढळ म्हणतील म्हणून दरवेळी बाहेरच उलटी पदरानं पुसायचे, झबलं बदलायचे, पावडर लावून पोर आत न्यायचे. त्याचा आजार मीच धुऊन टाकत होते.

तिसऱ्यांदा वजन करताना तिथल्या नर्स, सरोज सिस्टर, थबकल्या. वजन जन्मापेक्षा कमी.

"पोंछना मत, दीदी. यहीं पिलाओ, मेरे सामने."

पाजलं. त्या उघड्या पोटाकडे बघत राहिल्या. कातडीखालून एक लाट डावीकडून उजवीकडे सरकत गेली. मग उलटी, थेट समोरच्या भिंतीवर. पोट सैल पडल्यावर त्यांनी बोटांनी चाचपलं. बोराएवढी गाठ.

मला आत नेऊन त्यांनी डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, अब आप डॉक्टरी करेंगी?" आणि पुढचा पेशंट बोलावला.

मी त्याच्यासमोरची खुर्ची सोडली नाही.

"सोनोग्राफी लिखिए. तब उठूँगी."

पुढचा पेशंट दारात येऊन थांबला. पण उठले नाही. शेवटी त्यानं चिठ्ठी लिहून माझ्याकडे भिरकावली.

सोनोग्राफीत दिसलं. जठराचं खालचं तोंड जाड होऊन बंद झालेलं. दूध पुढे जातच नव्हतं. पोर माझ्या मांडीवर उपाशी मरत होतं, आणि हा डॉक्टर म्हणत होता, मी ठासून पाजते. मोठ्या हॉस्पिटलात आधी सलाइन, मग ऑपरेशन. वाचला.

त्याच आठवड्यात त्या डॉक्टरनं सरोज सिस्टरांना कामावरून काढलं.

मला माफ करायचं नाही. तक्रार लिहिलीय, त्याच्या नावानिशी, माझ्या सातवीच्या अक्षरात. त्याच्या तिन्ही वेळच्या चिठ्ठ्या जोडल्यात; पहिल्या दोन्हींवर एवढंच, "दूध कम पिलाएँ." चौकशीत त्या मी त्यालाच मोठ्यानं वाचायला लावीन.

सिस्टर, तुमची नोकरी माझ्या पोरापायी गेली. तुम्हाला काढल्याचा कागद त्या डॉक्टरच्याच हातानं फाडायला लावीन. वेळ लागेल. लागू दे.