साडूच्या सायकलीतलं शिसं

बारामतीत डोंगर नाही. तरी माझ्याकडं आणि माझ्या साडूकडं डोंगरात चालवायच्या बॅटरीच्या सायकली आहेत, आणि त्यावरून आमच्या दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, पोटभर हसतात. "चढ सापडंना म्हणून इंदापूरकडं जात्यात," असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ते खोटं नाही. दर रविवारी सकाळी आम्ही इंदापूरच्या बाजूच्या माळावर जायचो. मुरमाच्या टेकड्या, कुसळं, वनखात्यानं खोदलेले चर. सायकलीला तेवढं पुष्कळ.

माझी सायकल मोठ्या बॅटरीची, त्याची छोट्या बॅटरीची. चढाला दोघांची मोटर चालू असायची, तेव्हा फारसा फरक पडत नसे. उतारावर तर माझी बरी. जड असल्यानं खड्यांवरून उधळत नसे, फक्त ब्रेक जरा आधी दाबावा लागे. पण सपाटीला वेग पंचविसाच्या वर गेला की मोटर आपोआप बंद पडते. मग ते धूड माझ्या मांड्यांवर यायचं आणि साडू पुढं निघून जायचा. चर आला की तो सायकल खांद्यावर टाकून पलीकडं, आणि मी आधी पुढचं चाक उचल, मग मागचं ढकल. तो पलीकडून ओरडायचा, "काय वो पाव्हणं, काटेवाल्यालाच कुणी काटा मारला?"

मी हायवेवरच्या एका वजनकाट्यावर कामाला आहे. काटा मारणं म्हणजे काय ते मी रोज बघतो. भरलेला ट्रक मोजताना केबिनमध्ये चार माणसं बसवायची, रिकामा मोजताना उतरवायची. अशा गोष्टी बघून बघून डोळा बिघडतो. कुणी सरळ वागतंय असं दिसलं की आधी शंकाच येते.

साडूचा टोमणा माझ्या मनात बसला. सपाटीला हा एवढा पुढं जातो कसा? मोटरीची मर्यादा काढून घेतली असेल. पुण्यात असं करून देणारे आहेत म्हणे. एकदा तो हात धुवायला गेला तेव्हा मी त्याच्या सायकलीचा डिस्प्ले उघडून बघितला. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून संशय गेला असता तर मी हे लिहीत बसलो नसतो. मला वाटलं, पक्कं काम केलंय.

मग मी दोन्ही सायकली काट्यावर नेल्या. त्याला म्हटलं, "सर्व्हिसिंगला नेतो दोन्ही." आधी त्याची ठेवली, आकडा आला वीस. माझी ठेवली, वीस. दोन्ही सारख्या! म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही, यानं मोटरीतच हात घातलाय.

ट्रकचा काटा दहा-दहा किलोनं बोलतो. एकोणीसलाही तो वीस म्हणतो आणि चोवीसलाही वीसच. हे मी शेकडो लोकांना समजावून सांगितलंय. त्या दिवशी स्वतःला सांगितलं नाही. आता वाटतं, मला ते ऐकायचंच नव्हतं.

शेजारी टायरवाल्याचं दुकान आहे. चाकाचा तोल साधायला रिमला शिशाचे तुकडे लावतात, त्यातले जुने त्याच्याकडं डबाभर पडलेले होते. मी दीड किलो घेतले, चिंध्यांत आवळून बांधले, म्हणजे वाजायला नकोत. साडूच्या सायकलीची सीट उपसली, खालच्या नळीत ते ठासले आणि सीट होती तेवढ्याच उंचीला बसवली. हे करताना बरं वाटलं, जसं तोल नीट साधल्यावर वाटतं.

पुढच्या रविवारपासून साडू मागं पडायला लागला. आधी सपाटीला, मग चढाला. मी वर जाऊन थांबायचो आणि तो येईपर्यंत मनात हसायचो. एके दिवशी तो येऊन हँडलवर डोकं टेकवून उभा राहिला.

"पाव्हणं, चढाला छाती भरल्यावानी होतीय."

"मोटर हाय की. छाती कशाला भरंल?"

"तेच की. डागदरला दाखवावं म्हणतो."

"दाखवा. पर तो धा तपासण्या लावंल आणि शेवटी सांगंल, तिखट कमी खावा. वय झालं तुमचं, कबूल करा."

तो हसला. मूळचा कोऱ्हाळे बुद्रुकचा माणूस, आयुष्यभर उसाच्या सरीतनं चाललेला. वय काढलं की त्याला लागतं, हे मला ठाऊक होतं. तो डॉक्टरकडं गेला नाही. त्यानंतर आणखी दोनदा त्यानं तोच विषय काढला. दोन्ही वेळा मी तो उडवून लावला, कारण त्याला दम का लागतो हे मला माहीत होतं. मीच तर भरलं होतं ते नळीत.

मग एका रविवारी एका किरकोळ चढाला तो खाली उतरला आणि मुरमातच बसला. तोंड पांढरं पडलेलं. मी त्याची सायकल धरली आणि सहज डिस्प्लेकडं नजर गेली. मोटर सगळ्यांत वरच्या जोरावर होती. जवळजवळ सगळा भार तीच ओढत होती. एवढ्या जोराला दीड किलो म्हणजे काय? पाण्याची एक बाटली जास्त घेतली तर होईल तेवढा फरक. तो दम शिशाचा नव्हता. कधीच नव्हता. मी एक खोटं कारण भरून ठेवलं होतं आणि खरं कारण दोन महिने त्याच्या छातीत वाढत होतं.

रस्त्यावरून जाणारा एक टेम्पो थांबवून त्याला बारामतीला आणलं. तिथून पुण्याला. तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या, छाती उघडावी लागली. तो वाचला. मेहुणी येईल त्या पाव्हण्यारावळ्याला सांगायची, "दाजी होते म्हणून कुंकू राहिलं माझं." आणि मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

शिसं मी त्याच आठवड्यात काढून टाकलं. कुणाला कळण्याचं कारणच उरलं नाही. वर्षभर गप्प राहिलो. मग त्याला पुन्हा सायकल चालवायची परवानगी मिळाली, आणि मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला, "माझा भरवसा फकस्त तुमच्यावर हाय. तुमी संगं असाल तरच जाणार." ते ऐकून मला पुढं गप्प राहवलं नाही. वीस-वीसपासून सगळं सांगितलं.

आधी तो हसला. "शिसं? खुळं का काय तुमी!" मग हसू थांबलं.

"म्हंजी मी छाती भरतीय म्हणत हुतो, तवा तुमी मनात हसत हुता?"

"व्हय."

"तिन्ही डाव?"

"व्हय."

मेहुणीनं आणलेला चहा त्यानं घेतला. माझा कप त्यानंच माझ्यापुढं सरकवला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"आजून काय काय केलंय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. शपथ."

"शपथ र्‍हाऊ द्या."

महिनाभर फोन नाही. मग एका शनिवारी तो घरी आला. "उद्या जायचं. पर तुमची सायकल मी चालवणार. माझीत काय काय ठासलंय कुणाला ठावं. आणि तुमी पुढं चालायचं. माझ्या मागं न्हाय."

तेव्हापासून असंच चालू आहे. तो जड सायकलीवर निवांत मागून येतो, मी हलक्या सायकलीवर पुढं. बायकांना त्यानं काही सांगितलेलं नाही. का, ते मी विचारलेलं नाही. चढ लागला की मोटरीच्या घरघरीत त्याचा श्वास मला ऐकू येत नाही. म्हणून मी माझी मोटर बंद करतो आणि नुसत्या पायांनी चढतो. तो मागून ओरडतो, "आता ह्ये काय नवीन नाटक?" आवाज सलग येतो का, मधे तुटतो का, तेवढंच मी ऐकत असतो.