नाव न घेता बसवलेलं दार

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, पुढं कुणाच्या बारशात बायकांनी अडवून धरलं तेव्हा दोन-चारदा. बाकी अठ्ठावीस वर्षं मी ‘हे’ आणि ‘आमच्या घरचे’ एवढ्यावर संसार रेटला आहे. त्यामुळे केजला इंग्रजी बोलण्याच्या वर्गात मॅडमनी सांगितलं, की या भाषेत काम कोणी केलं ते न सांगताही वाक्य पुरं होतं, तेव्हा मला ती भाषा एकदम घरची वाटली.

वर्गाला जायचं कारण माझा जावई. तो पुण्याचा. मी लेकीशी फोनवर बोलत असले की मधेच तिच्याशी इंग्रजीतून बोलायचा, आणि दोघं हसायची. ते मला सहन होईना. मग आमच्या बचत गटातल्या आम्ही नऊ बायका आठवड्यातून तीन दुपारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून केजला जायला लागलो. खताच्या दुकानावरच्या माडीत वर्ग भरायचा. मॅडम वयानं आमच्या लेकींएवढ्या. त्या आम्हाला मावशी म्हणायच्या.

त्यांनी एक साचा शिकवला. अमुक केलं गेलं, तरी तमुक केलं गेलं नाही. म्हणाल्या, घरातली वाक्यं करून आणा. आता नऊ बायकांना घरातली वाक्यं करा म्हटल्यावर काय कमी पडणार? एकीनं आणलं, चहा प्यायला गेला पण कप उचलला गेला नाही. दुसरीनं आणलं, भाजीला नावं ठेवली गेली, तरी पातेलं पुसून खाल्लं गेलं. नाव कुणाचंच नाही आणि माणूस सगळ्यांना माहीत. आम्ही इतक्या हसायचो, की खालून दुकानदार छताला काठी ठोकायचा.

माझं वाक्य पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आमचं न्हाणीघर अंगणात आहे. दोन वर्षांपूर्वी ते बांधलं, फरशीही बसवली. दारही करून आणलं, चांगलं जाड पत्र्याचं. पण हे पडले गावचे पुढारी. तेवढ्यात निवडणूक आली आणि ते दार फाट्यावरच्या यांच्या ऑफिसात गेलं. दोन पिंपांवर आडवं टाकून त्याचं टेबल झालं आणि त्यावर कार्यकर्त्यांचा चहा सुरू झाला. निवडणूक सरली, टेबल राहिलं. घरी न्हाणीला माझ्या जुन्या साडीचा पडदा, तोही खालून वीतभर शेजाऱ्यांच्या शेरडांनी खाल्लेला. एका हातानं आंघोळ करायची आणि दुसऱ्यानं पडदा धरायचा. दाराचं काढलं की यांचं उत्तर तयार, “बसवू की. काय घाई हाय?”

मला घाई होती. पुढच्या महिन्यात लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. माझी जड अंगाची पोर त्या पडद्याआड एका हातानं पोट सांभाळत बसणार, हे मनात आलं की मला यांचा इतका राग यायचा, की भाकरी थापताना परातीचा आवाज गल्लीत ऐकू जायचा.

वर्ग संपला त्या दिवशी मॅडमनी छोटा कार्यक्रम ठेवला. प्रत्येकीनं तीन वाक्यं बोलायची. पाहुणा कुणी मिळेना, तेव्हा मैत्रिणींनी यांनाच सुचवलं. मी नको म्हणाले नाही. हे आले. शाल झाली, नारळ झाला. यांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण खुर्चीत बसून मान मात्र अशी हलवत होते, की सगळं कळतंय.

माझी पाळी आली. मी उभी राहून म्हणाले, “ऑल्दो द बाथरूम वॉज बिल्ट, द डोअर वॉज नॉट फिटेड.” मॅडमनी मराठीत सांगितलं: न्हाणीघर बांधलं गेलं, तरी दार बसवलं गेलं नाही.

आता यांच्यासमोर कुणी उभं राहून बोललं, की ती गावातली तक्रार असणार, ही यांची इतक्या वर्षांची सवय. हे लगेच उठले. घसा साफ केला.

“ह्ये लई वाईट हाय,” हे म्हणाले. “आजच्या काळात आपल्या आयाबहिणी पडद्याआड आंगूळ करत्यात. त्या घरच्या माणसाला लाज वाटाय पायजे. घर कुणाचं हाय तेवढं सांगा. आठ दिसांत दार न्हाई बसवलं तर मी पुढारी न्हाई.”

मॅडम खाली बघायला लागल्या. बायकांचे पदर तोंडाशी गेले.

“सांग की, नाव काय त्याचं?” यांनी मलाच विचारलं.

“द नेम इज नोन, बट इट इज नॉट टेकन.”

मॅडमनी कसंबसं सांगितलं, नाव माहीत आहे, पण घेतलं जात नाही. बायकांचं हसू फुटलंच. हे अजूनही शाल सावरत उभे होते. मग मी तिसरं वाक्य म्हणाले, “ऑल्दो द डोअर वॉज मेड, टी इज सर्व्ह्ड ऑन इट.” त्यातलं डोअर आणि टी कळायला यांना मराठीची गरज पडली नाही. हे हळूच खाली बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत नारळाकडे बघत राहिले.

परतताना हे जीपमध्ये पुढं बसले, आम्ही मागं. फाट्यावर उतरल्यावर म्हणाले, “सरळ माझं नाव कावून न्हाई घेतलंस?”

“आजवर कधी घेतलंय?” मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कार्यकर्ते दार घेऊन आले. त्यावर चहाच्या कपांचे गोल डाग तसेच होते. यांनी उभं राहून बिजागऱ्या मारून घेतल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, की आपण शब्द दिला की पाळतो. मीही मान हलवली.

लेक आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी सवयीनं बाहेर पहाऱ्याला उभी राहिले, शेरडं हाकलत. आतून तांब्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “आई, तू तिथं कावून उभी हायस? कडी लावलीय मी.”

मला ते नीट ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, “काय म्हणालीस?”


“कडी लावलीय.”