मुकाम्बेतला अनोळखी माणसं हवी होती

आमच्या बिश्केकच्या नाट्यगृहात मुकाम्बेत सुतार होता. त्यानं केलेल्या एका दारातून मी बावीस वर्षं रंगमंचावरून रागारागानं निघून गेले; ते एकदाही अडकलं नाही. टाळ्या मला मिळायच्या. निम्म्या तरी त्या बिजागऱ्यांच्या होत्या.

प्यायचा तेव्हाही हात नेमका चालायचा. पडदा पडला की मात्र नाहीसा व्हायचा, आणि त्याची बायको झुउरा त्याला शोधत विंगेत यायची. दोन वर्षांपूर्वी झुउरा गेली. त्यानंतर तो असा प्यायला की डोळे पिवळे झाले. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, "आता पुन्हा सुरू केलीत तर जगणार नाही. आणि एकट्यानं सुटायची नाही. दारू सोडणाऱ्यांच्या बैठका असतात, तिथं जा. मनात साचलंय ते बोला."

पहिली बैठक त्याला सापडली ती स्टेशनामागच्या एका तळघरात, रशियन बोलणाऱ्यांची. चार वेळा गेला. माझ्याच इमारतीत राहायचा, म्हणून परतताना माझ्याकडे चहाला थांबायचा.

"आज काय बोललास?"

"नाव सांगितलं. दारुडा आहे म्हणालो. मग रशियन संपलं, एजे." मला तो एजे, म्हणजे ताई म्हणायचा.

"तीस वर्षं गोदामवाल्यांशी रशियनमध्ये भांडलास की रे!"

"फळ्या, खिळे आणि शिव्या, एवढंच येतं. त्यात झुउरा कुठं बसवू?"

मग मी चौकशी केली. एका निवृत्त नर्सकडून कळलं की आपल्या किर्गिझ भाषेतली एक बैठक रविवारी दुपारी एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर भरते. नियम एकच, फक्त नाव सांगायचं. गाव, घराणं कोणी विचारायचं नाही. मुकाम्बेतनं कोट झाडला, उंच पांढरी टोपी घातली. एकेचाळीस दिवस कोरडा होता. मी सोबत गेले आणि बाहेर बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

बैठक चालवणारा जेकशेन जुना बसचालक. नियम त्यानंच वाचून दाखवला. पण समोर पांढऱ्या दाढीचा माणूस, अक्सकाल. त्याला कोण, कुठला हे न विचारणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवणं. जेकशेनच्या तोंडून निघूनच गेलं, "अक्सकाल, कुठले तुम्ही? कोणाचे?"

आणि मुकाम्बेतनं सांगितलं! गप्प राहिला असता तर बापाला नाकारल्यासारखं झालं असतं. सात पिढ्यांची नावं घडाघडा. पाचव्या नावाला कोणाच्या तरी हातातली चहाची वाटी टेबलावर आदळली.

"थांबा, थांबा! मग तुम्ही माझे मामा लागता!"

"कोचकोरच्या बुरमाचा का तू?"

"तिचाच, धाकटा! उठा मामा, दारापाशी काय बसलात?"

"भाचा भेटला म्हणजे आता टोपी सांभाळायला हवी," मुकाम्बेत म्हणाला आणि सगळे हसले. आमच्यात भाचा मामाची आवडेल ती वस्तू हक्कानं उचलतो.

खुर्च्या सरकल्या. त्याला वर, मानाच्या जागी बसवलं. कोणी पाव मोडून पुढं केला. मग जेकशेन हळूच म्हणाला, "बोला, अक्सकाल. मोकळेपणानं बोला."

आत इतकी शांतता पसरली की मला विंगेत उभं असल्यासारखं वाटलं, समोरचा नट वाक्य विसरलाय आणि सांगणारा कोणी नाही. मग मुकाम्बेत खाकरला आणि पोरांना आशीर्वाद देऊ लागला. घरं नांदती राहोत, पाऊल घसरू नये, लेकरं मोठी होवोत. प्रार्थनेनंतर फिरवतात तसे सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. बैठक संपली.

खाली अंगणात मी म्हणाले, "छान झाली की."

"मान मिळाला, एजे. तिथं वर बसून ते कसं सांगू?"

"काय ते?"

"झुउरा गेली त्या रात्री तिनं हाक मारली होती. स्वयंपाकघरातून. तीनदा."

"तू झोपेत असशील."

"जागा होतो. पेल्यात अजून होती."

झुउरा माझी मैत्रीण होती. प्रयोगाआधी माझी वेणी तीच घालायची. मी एवढंच करायला हवं होतं, त्याच्याकडं बघत राहायला हवं होतं. आयुष्यभर मी चेहरा सांभाळायचं काम केलं, आणि त्या घटकेला मला तो सांभाळता आला नाही. मी मान वळवली.

"बघा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "म्हणून अनोळखी माणसं हवीत. आपल्यात अनोळखी कोणी भेटतच नाही."

पुढच्या रविवारी भाचा स्वतः मामाला न्यायला आला, हातात घोड्याच्या मांसाचा सॉसेज घेऊन. मी त्याला वर नेलं. मुकाम्बेतनं दार उघडलं आणि वास आधी बाहेर आला. भाचा चार वर्षं कोरडा होता. तो दोन पायऱ्या मागं सरकला, मग बूट काढून आत गेला आणि बाटली मोरीत ओतली. मुकाम्बेत बघत राहिला. "असू दे रे पोरा," म्हणाला, "खाली दुकान आहे."

फेब्रुवारीत त्याला पुरलं. जेकशेन आला, बैठकीतली सगळी आली, कोचकोरहून दोन गाड्या भरून माणसं आली. तो कोणाचा, कुठला, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या तीन हाका मात्र मला एकटीलाच ठाऊक होत्या. तुम्ही त्याला ओळखत नव्हता, म्हणून तुम्हाला सांगितल्या.