तेरवीच्या पंगतीत आलेले पाहुणे

दोस्तहो, आज दुपारी माह्या मोठ्या काकाची तेरवी झाली, आन् मी अजूनबी धुमसून राहिलो.

आमचं गाव चिखलदऱ्याच्या रस्त्यावर. काकूच्या घरावर 'वऱ्हाडी जेवण मिळेल' असा बोर्ड हाय. गडबडीत तो झाकायचा राहून गेला.

अंगणात पंगत बसली होती. एक मोठी गाडी थांबली, चार-पाच जण उतरले. हार घातलेल्या काकाच्या फोटोसमोरच चपला काढल्या आन् बसले पंगतीत. तेरवीच्या पानावर बसलेल्याले आमच्याकडं कोणी उठवत नाही. वाढलं आमी.

"वांग्याची भाजी एकदम ऑथेंटिक!" म्हणत एकीनं रील काढली. मंग कोपऱ्यात बसलेल्या काकूवर मोबाईल धरला. "आजी, जरा हसा ना!"

मी ओरडणार, तेवढ्यात काकूनं पदर नीट केला आन् हसली.

मी सांगितलं, ही तेरवी हाय. ते "सॉरी" म्हणून निघून गेले. रील काही डिलीट केली नाही.

खोटं काहून बोलू? अशाच पाहुण्यांच्या जिवावर त्या घराले स्लॅब पडला, काकाच्या दवाखान्याचा खर्च निभला. शिव्या तरी कोनत्या तोंडानं देऊ?

मंग इचारलं, "काकू, तू काहून हसली वं?"

"सवय पडली रे बाबू. मोबाईल समोर आला का आपोआपच हसू येते."

तुमच्याबी गावात पाहुणे येत असतीन. खरं सांगा, तुमच्या घरच्यांले रडाले तरी सुट्टी भेटते का?