पाइपावरची खोली

आमच्या ह्यांचे पाय पाहिले तर कुणीही म्हणेल, हा माणूस चालून चालूनच झिजलाय. काम तसंच होतं. बंदरातलं कच्चं तेल जमिनीखालच्या पाइपातून रिफायनरीत जातं, आणि हे त्या पाइपावरून चालायचे. कुठे गवत पिवळं पडलंय का, वास येतोय का, कुणी खणलंय किंवा वर काही बांधलंय का, एवढं बघायचं आणि संध्याकाळी ऑफिसात फोन करून सांगायचं, सगळं ठीक. पाइप काही दिसत नाही. वर नुसते पिवळे खुणेचे दगड. लोक थट्टेने विचारायचे, कंपनी तुम्हाला फिरायचा पगार देते काय हो?

वाटेत माझ्या नणंदेचं घर. नवरा गेल्यावर तिने मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली काढली, शिलाईचं मशीन टाकलं आणि त्यावर दोन पोरी वाढवल्या. हे रोज तिच्याकडे चहाला टेकायचे. मी चिडवायचे, बायकोच्या हातचा चहा गोड लागत नाही वाटतं. मनातून मात्र बरं वाटायचं. नणंद तर शेजारणींना तोऱ्यात सांगायची, माझा दादा एक दिवस चुकवत नाही.

मग कंपनीत ड्रोन आलं. साहेबाने सगळ्यांना बसवून पडद्यावर चित्रं दाखवली. जगभर म्हणे आता असंच चालतं. आपल्या डोळ्यांना न दिसणारी गळती वरच्या कॅमेऱ्याला दिसते, पाइपाशेजारच्या तारेला माणसाची पावलं कळतात आणि शेकडो मैलांची लाइन एक माणूस खुर्चीत बसून सांभाळतो. बाकीच्यांनी काय करायचं, ते पडद्यावर नव्हतं. बिस्किटं चांगली होती म्हणे.

हे घरी आले ते न जेवताच आडवे झाले. मला वाटलं, नोकरीची धास्ती घेतलीय. दुसऱ्या दिवशी पहाटे पहार घेऊन गेले आणि चिखलाने माखून आले. विचारलं तर माझ्याच अंगावर आले.

ड्रोन उडालं आणि सगळं उघडं पडलं. नणंदेची ती खोली बरोब्बर पाइपाच्या वर होती. इतकी वर्षं ह्यांनी ऑफिसात चकार शब्द काढला नव्हता. आणि ड्रोनसुद्धा आपल्यासारखंच दगड बघत जाईल असं समजून ह्यांनी दोन दगड उपटले आणि घराला वळसा घालून पुरले. भोळेपणालाही काही हद्द असते. त्या यंत्राला दगडांशी काय देणंघेणं? त्याच्या पोटात नकाशा होता. सरकलेले दगडच त्याने आधी टिपले. निवृत्ती तोंडावर आलेली असताना ह्यांना काढून टाकलं. आता त्या दगडांचे फोटो नव्या लोकांना शिकवताना दाखवतात आणि सगळे हसतात, असं कानावर येतं. माझा नुसता तिळपापड होतो.

खोली पाडली त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मशीन अंगणात काढून ठेवलेलं, पत्रे एकावर एक रचलेले. तुझ्यापायी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, हे नणंदेला सुनवायचं असं मी घरूनच ठरवून निघाले होते. तिने मला तोंड उघडूच दिलं नाही.

"दादा, तुला माहीत होतं?"

हे म्हणाले, तेव्हाच पाडायला लावली असती तर तू खाल्लं काय असतंस?

"पोरी तिथे झोपायच्या. इस्त्रीचे निखारे मी तिथेच फुलवायचे. खाली तेल वाहतंय, एवढंही सांगितलं नाहीस?"

"म्हणून तर रोज यायचो," हे म्हणाले. "वास येतोय का बघायला."

ह्यांना वाटलं, हे ऐकून ती निवळेल. तिने ह्यांच्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. मी नेलेला डबा तिने न उघडता माझ्या हातात परत दिला, पोरींना आत घेतलं आणि दार लावलं.

हे आता दिवसभर पायरीवर बसून असतात. मी म्हणते, भाऊ आहात तिचे, एकदा जाऊन तर या.

"कशाला आलास असं विचारलं," हे म्हणतात, "तर आता काय सांगू?"