पत्र्यावरचा हात

२००४ साली मी पुण्याहून जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला आले आणि प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवू लागले. गावात ओळखीचं कुणीच नव्हतं. वर्गात कारच्या कारखान्यातले एक साठीचे कामगार होते. तीन महिने झाले तरी त्यांना साधं वाक्य जुळवता येत नव्हतं. मला त्यांची कीव यायची.

एका शनिवारी कारखाना पाहुण्यांसाठी खुला होता, तेव्हा त्यांनी मला आग्रहाने नेलं. गाडीच्या रंग न लावलेल्या एका दारासमोर ते थांबले, डोळे मिटले आणि पत्र्यावरून सावकाश तळहात फिरवला. मध्येच हात थबकला.

"इथे दबलाय," ते जर्मनमध्ये म्हणाले.

मी वाकून पाहिलं, हात लावला. मला काहीच कळेना. त्यांनी तिरका दिवा धरला तेव्हा कुठे केसाएवढी बारीक सावली दिसली.

"हे शिकायला किती दिवस लागले?"

"आल्झो, म्हणजे बघा, सहा-सात वर्षं," ते सहज म्हणाले.

मी थक्क होऊन त्या जाड बोटांकडे बघत राहिले. सोमवारी वर्गात त्यांचं वाक्य पुन्हा अडलं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हटलं, "होऊ द्या सावकाश. मला काही घाई नाही."